चाळीस कुंड्या, नुसती माती

सहावी कुंडी उपडी केली. त्यातही नुसती माती. लेबल मात्र जागेवर.

उटनूरची छोटी नर्सरी आमच्या आदिलाबादच्या वनस्पती उद्यानात विलीन होत होती. मी इथलं रेकॉर्ड सांभाळते. तिकडून कळलावीच्या चाळीस कुंड्या आल्या होत्या. उन्हाळ्यात या वेलीचा पाला वाळून जातो. मातीखाली नांगरासारखी वाकडी गड्डी तेवढी जिवंत राहते. ज्या रानातून त्या आणल्या, ते आता उरलेलं नाही. म्हणून प्रत्येकीला ॲक्सेशन नंबर, म्हणजे ती कुठून आली त्याचा दाखला.

चाळीसही कुंड्या रिकाम्या निघाल्या.

कळलावीच्या गड्ड्या औषधवाले विकत घेतात. माझा संशय सरळ नामदेवमामांवर गेला. उटनूरचे जुने माळी. कुंड्या त्यांनीच ट्रकमध्ये चढवल्या होत्या. आणि आता तीन दिवस रजेवर.

उद्यानाचे साहेब म्हणाले, "मॅडम, डेड लिखो. लिस्ट आज चाहिए."

"उद्या देते, सर."

एकदा 'डेड' लिहिलं की नंबर कायमचा बंद. मी मामांच्या गावाची, तामसीची बस पकडली.

मामा घरामागे भेंडी तोडत होते.

"मामा, गड्ड्या कुठं आहेत?"

"हायेत ना. या."

कोठीत एक मोठं मडकं होतं, कोरड्या वाळूनं भरलेलं. आत प्रत्येक गड्डी वेगळ्या फडक्यात, सोबत नंबर कोरलेला पत्र्याचा टॅग.

"हळदीचं बेणं ठेवतो तसं ठेवलं."

"मला सांगितलं का नाही?"

"कोणाले सांगू? तुमच्या बागेत सगळ्यायले रोज फवारा. झोपल्या गड्डीले पाणी देलं का सडली. साहेबाले म्हटलं, तं म्हणे सिस्टीम हाय. तुमच्यावर भरवसा कसा ठेवू?"

"आणि मी तुमच्यावर?"

"नका ठेवू. मोजा."

मोजल्या. चाळीस. टॅग बरोबर. पण टॅग कुठल्याही गड्डीला बांधता येतो. खऱ्या विकून बाजारच्या गुंडाळल्या नसतील कशावरून? फूल आल्यावरच कळणार होतं. त्या रानातल्या फुलाची पाकळी सरळ असते, इतर कळलावीची नागमोडी.

मडकं उद्यानाच्या कोठारात आणून मी कुलूप लावलं.

"चावी तुमच्यापाशी," मामा म्हणाले, "अन् उंदरायचा जिम्मा माह्यापाशी?"

गड्ड्या जिवंत असल्याचा पुरावा दिसेपर्यंत यादी थांबवायला साहेब तयार झाले; त्यासाठी दोन गड्ड्या मी ऑफिसच्या व्हरांड्यात कुंडीत लावल्या. अडतीस मडक्यात राहिल्या; वेळ आल्यावर मामांनी त्या लावल्या.

पावसाळ्यात अडतीसही फुलल्या. पाकळ्या सरळ. मी एकेक फूल हातात घेऊन पाहिलं, दोनदा.

व्हरांड्यातल्या दोन उगवल्याच नाहीत. उकरलं तर चिखल आणि वास. पाणी घालणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला: 'व्हरांडा, रोज सकाळी.' अक्षर माझं.

यादी पुरी केली: अडतीस जिवंत, दोन डेड. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'रेकॉर्ड विभागाने पाणी दिले.' मामांनी ते वाचलं. भिंतीवरचा तक्ता तेवढा काढून स्वतःच्या खिशात घातला.

संशय जरूर घ्यावा. फक्त संशयितांच्या यादीत आपलंही नाव लिहावं.