पगारी सासूबाई

सुनेला छळण्याचं काम रीतसर पगार घेऊन केलेल्या एकच बाई माझ्या ओळखीच्या आहेत. बाकीच्या पाहिल्या त्या सगळ्या हौशी. अमेरिकेत सांता क्लाराला आमच्या खालच्याच अपार्टमेंटमध्ये या कोरियन बाई आपल्या इंजिनियर मुलाकडे राहायच्या. सोलच्या टीव्हीवर आणि सिनेमात त्यांनी वीस वर्षं दुष्ट सासू केली होती. खरं तर त्या गेल्या होत्या नायिकेची मैत्रीण व्हायला. पण सासूचं काम करणारी नटी ऐन वेळी आजारी पडली, म्हणून अठ्ठाविसाव्या वर्षी यांच्या केसांना पावडर फासून यांना उभं केलं, आणि यांनी सुनेकडे असं काही पाहिलं की ती बिचारी खरीखुरी रडायला लागली. ती सून यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी होती. त्यानंतर यांना पुन्हा तरुण होऊ द्यायला कोणी तयारच होईना.

काम सुटलं तरी सवयी सुटल्या नव्हत्या. कुठल्याही दारात शिरताना बाई क्षणभर थांबायच्या, कॅमेरा वळेपर्यंत थांबावं तशा. कपडे धुवायच्या सामायिक खोलीतसुद्धा बादली घेऊन त्या अशा उभ्या राहिल्या की आत कपडे वाळवणारा एक धिप्पाड अमेरिकन आपले ओले कपडे तसेच उचलून निघून गेला. रडू त्यांना हवं तेव्हा यायचं, पण फक्त डाव्या डोळ्यातून; उभ्या हयातीत कॅमेरा डावीकडे असायचा म्हणे. कांदा चिरतानाही त्यांचा उजवा डोळा कोरडा असे. तेव्हा घरोघरी नुकते व्हीसीआर आले होते आणि कोरियन वाण्याकडे त्यांच्या मालिकांच्या कॅसेटी भाड्यानं मिळायच्या. त्यामुळे दुकानातली म्हातारी यांना पाहिलं की तोंड फिरवायची आणि कोबीचा सगळ्यात चेपलेला गड्डा हातात द्यायची. बाई खूश! "अजून राग आहे," त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणायच्या, "म्हणजे काम बरं झालं असावं."

त्या वर्षी माझी आई सहा महिने आमच्याकडे आली आणि दोघींचं मेतकूट जमलं. आईला इंग्रजी येत नव्हतं, बाईंना मराठी. अडलं कुणाचंच नाही. रोज दुपारी खाली बसून दोघी बाईंच्याच कॅसेटी बघायच्या. एका भागात सुनेच्या हातून सूप सांडतं आणि सासू तिला भर बर्फात घराबाहेर काढते. ते पाहून आई तरातरा वर आली. "काय मेलीचं काळीज आहे का दगड!" तीन दिवस तिनं खाली शिरा पाठवला नाही. बाईंना हा आपल्या कारकिर्दीतला मोठा सन्मान वाटला.

मी ऑफिसला निघालो की आई माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. एकदा बाईंनी हे पाहिलं मात्र, झालं! कुणाची लकब आवडली की ती उचलल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दोघी समोरासमोर बसून तालीम करायच्या. "अगं, अशी नव्हे. मूठ वळ, मूठ!" आई चक्क मराठीत ओरडायची. बाईंची बोटं काही मोडेनात.

अशात त्यांच्या मुलानं एका कोरियन मुलीशी लग्न ठरवलं आणि मुलीची आई अडून बसली. "मुलगा सोन्यासारखा आहे," ती फोनवर म्हणाली, "पण त्याची आई मी रोज पाहते." तिच्या नवऱ्यानं समजावलं, मुलीनं रडून पाहिलं, ती काही ऐकेना. शेवटी एकदा प्रत्यक्ष भेटायला कबूल झाली. मुलानं आम्हालाही चला म्हटलं. "तुझी आई शेजारी असली की माझी आई जरा माणसासारखी वागते," तो म्हणाला. चेहरा उतरला होता बिचाऱ्याचा.

 गाडीत बाई एकदम म्हणाल्या, "चांगल्या सासूचं काम मला कुणी दिलंच नाही. ती बसते कशी?"

मी आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "कशी म्हणजे? गुडघे दुखत असतात तशी!"

तिथे बाई गुडघे दुखत असल्यासारख्या बसल्या, पण चेहऱ्याचं काय करणार? हसायला गेल्या की जास्तच भीती वाटायची. मुलगी चहा घेऊन आली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं मात्र, अख्खा कप बाईंच्या रेशमी झग्यावर सांडला. मुलीची आई ताडकन उठली. तो सुपाचा भाग तिनंही पाहिला असणार. मुलानं डोळे मिटून घेतले.

बाई उठल्या. दोन्ही हात उचलले. मुलगी जागच्या जागी आक्रसली. बाईंनी ते हात अलगद तिच्या गालांवरून फिरवले, आपल्या कानशिलांवर नेले, आणि कडाकडा बोटं मोडली. दहाच्या दहा! "जमलं गं बाई!" आई ओरडली आणि तिला रडूच फुटलं. मुलीच्या आईनं घाबरून मला विचारलं, हे काय? मी सांगितलं, लेकराची पीडा आपल्यावर घ्यायची असते, आमच्याकडे आया करतात. तिनं माझ्या रडणाऱ्या आईकडे पाहिलं. मग मुलीला म्हणाली, "दुसरा चहा आण."

लग्न झालं. आई भारतात परत गेली. बाईंनाही पुढे सोलहून बोलावणं आलं; काम अर्थातच सासूचं. मालिका कॅसेटीवर इकडे यायला बराच काळ लागला. दुकानातल्या म्हातारीनं शेवटची कॅसेट आपणहून माझ्या हातात दिली. सगळा वेळ बाई सुनेला यथास्थित छळतात. शेवटी सून घर सोडून निघते, तेव्हा त्या दारात येतात, या वेळी थांबत नाहीत, आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडतात. मूठ वळायची पद्धत थेट आईची.

आई वारली त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. मी कॅसेट जरा मागे नेली आणि पुन्हा लावली.