मुकादमाच्या घरचं पाणी

खडोलीच्या झुंबर मुकादमाचा धाकटा मुलगा समाधान चौऱ्याण्णव सालच्या वैशाखात, तब्बल आठ वर्षांनी घरी आला, तो हातात पाण्याचा कॅन घेऊन. सिल्वासाच्या बसस्टँडवर नळाखाली भरलेला. माणूस बापाला भेटायला फळं आणतो, ह्यानं पाणी आणलं! पण घर सोडताना बापानं बजावलं होतं, "माझ्या घरचं पानी पिशीन, तर माझं मेलं तोंड पाहाशीन." आणि आयुष्यात बापाचं एक ऐकलं नाही त्या पठ्ठ्यानं हे एवढं मात्र काटेकोर पाळलं होतं.

झुंबरनं धुळ्याकडच्या आपल्या गावातून वीस पोरं आणून इथल्या सुताच्या कारखान्यात लावली होती. समाधाननं शहाऐंशी साली बारा तासांच्या पाळीविरुद्ध त्याच पोरांकडून मशीनं बंद करवली. शेठनं सगळ्यांना हाकलून दिलं. गावाकडच्या आयाबाया मुकादमाच्या नावानं बोटं मोडू लागल्या. आपण चुकलो की वडील, म्हणजे आबा, चुकले, हे समाधानला तेव्हा कळलं नव्हतं आणि अजूनही कळत नव्हतं.

आता नाशिकला त्याला एकाच दिवशी दोन पत्रं मिळाली. आईनं कोणाकडून तरी लिहून घेतलेलं: आबांचं काही खरं नाही, लवकर ये. थोरल्या मधुकरचं: येऊ नको, तुला पाहून आबांना त्रास होईल. दोन्ही पत्रं खिशात घालून तो निघाला, आणि वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं त्याला वाटलं.

घर दोन खोल्यांचं. समाधानला कोणामुळे जावं लागलं, ह्यावरून आई सरुबाई आणि मधुकर यांनी एकमेकांशी अबोला धरलेला. एका खोलीत ती, दुसरीत मधुकर आणि त्याची बायको. चुली दोन, माठ दोन. आबांची खाट मात्र बाहेर ओट्यावर, कारण ते कोणाचे हे ठरत नव्हतं. अर्धांगानं त्यांची वाचा गेली होती. डावा हात तेवढा हलत होता.

"दोन दिस झाले, तोंडात पानी घेत नाहीत," सरुबाई रडत म्हणाली. "त्या माठाचं पाजलं, तवापासून."

"समाधान, आईले सांग," शेजारीच उभा मधुकर म्हणाला, "त्यायले तिच्या हातचं नको."

डॉक्टर सांगून गेला होता की पाणी पोटात गेलं नाही तर आजचा दिवस कठीण. आई एक फुलपात्र घेऊन आली, मधुकर दुसरं. आबांनी दोन्हींपुढे दात आवळले. समाधान पार गोंधळला. शेवटी त्यानं आपल्याच कॅनमधलं पाणी टोपणात ओतलं आणि आबांच्या ओठांशी नेलं.

आबांनी त्या कॅनकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग डाव्या हातानं त्याला असा धक्का दिला की कॅन आडवा होऊन पाणी ओटाभर झालं.

'अजून राग आहे,' समाधानच्या मनात आलं. 'मधुकरचंच खरं. यायलाच नको होतं.' त्याला रडू फुटलं. तो उठू लागला, तर आबांनी आईच्या हातातलं फुलपात्र ओढून घेतलं. त्यात निम्मं पाणी सांडलं. उरलेलं त्यांनी समाधानच्या तोंडाशी धरलं.

प्यावं तर शपथ मोडते, बाप मरतो. न प्यावं तर बापाचा हात झिडकारायचा. समाधाननं एकदा आईकडे, एकदा भावाकडे पाहिलं. मग डोळे मिटून तो प्यायला.

आबांनी मधुकरच्या फुलपात्राकडे बोट केलं. समाधान तेही प्यायला.

तेव्हा कुठे आबांनी दात सोडले आणि तोंड उघडलं. पाजायला आता थेंबही उरला नव्हता. सरुबाई धावली. मधुकरचा माठ जवळ होता, म्हणून तिनं त्यातलंच पाणी आणलं.