पाणी द्या, व्याहीबुवा

नामदेवराव औषधांच्या खिडकीजवळ पोहोचले होते. पुढे एकच माणूस उरला होता. त्यांनी मागे वळून पॅसेजकडे पाहिले, रांग सोडली आणि गोळ्या न घेताच निघून गेले.

मी तेव्हा तळेगावच्या बाजूला एका रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रात, मेडिकल ऑफिसर होतो. एचआयव्ही शरीरातून जात नाही. पण रोजच्या एका गोळीने तो दबून राहतो. रक्तात तो किती आहे हे सांगणाऱ्या तपासणीला व्हायरल लोड म्हणतात. नामदेवरावांच्या तपासणीत तो कित्येक वर्षे सापडलाच नव्हता. मात्र गोळी थांबली की तो पुन्हा वाढतो. म्हणून रांगेतून गेलेल्या माणसाला आम्ही सोडत नाही. (नावे अर्थातच बदलली आहेत.)

काउन्सेलर सुनीताताईंनी फोन केला. नामदेवराव चाकणच्या एका कंपनीत मशिन ऑपरेटर होते.

"ओव्हरटाइम चाललाय, मॅडम. पुढच्या आठवड्यात येतो."

पुढच्या आठवड्यात फोन बंद लागला, तो बंदच राहिला. दीड-दोन महिने गेले. जवळच्या गोळ्या केव्हाच संपल्या असणार.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला असा माणूस आला नाही, की आम्ही घरी जात असू. आणि पुष्कळदा दारातच मृत्यूची बातमी कळे. आता रुग्ण जगतात. मुलांची लग्ने करतात. न येण्याची कारणेही त्यामुळे बदलली आहेत.

इथले कारण स्वतःच माझ्यासमोर येऊन बसले. काशिनाथराव, तळवड्याच्या एका वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर, आमचे जुने रुग्ण.

"साहेब, मागं त्या खिडकीवरून पळाले ना, ते आमचे व्याही. सुनेचे वडील."

"इथे कोण येते, हे मी कोणालाही सांगत नाही."

"मी विचारतोय कुठं? सांगतोय. मी पॅसेजमधून येत होतो. त्यांना वाटलं असेल, हा डोळेबिळे दाखवायला आलाय, आणि आपलं बिंग फुटलं. आता पोरीचं नांदणं अवघड."

"तुमच्याविषयी त्यांना माहीत नाही?"

"लग्न जमवताना पोराची कंपनी सांगितली, फ्लॅट दाखवला. हे कोण सांगतं, साहेब?"

ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून दोघांनीही घरापासून लांबचे केंद्र निवडले होते. नेमके एकच.

"मला यात काहीही करता येणार नाही," मी म्हणालो.

"तुम्ही कशाला? मुलाचा बाप आहे मी. रविवारी जाऊन मान घेतो."

रविवारचे मला त्यांनीच नंतर सांगितले. दार उघडताना नामदेवरावांचा चेहरा उतरला होता. आता मुलीचाच विषय निघणार, अशा तयारीने ते समोर बसले. विहीणबाई चहा ठेवायला आत गेल्या. तेव्हा काशिनाथरावांनी खिशातून गोळी काढली आणि तळहातावर धरली.

"व्याहीबुवा, जरा पाणी द्या. आमची गोळीची वेळ झाली."

ती गोळी नामदेवराव वर्षानुवर्षे घेत आले होते. ते पाणी आणायला गेले. परतायला वेळ लागला. आले तेव्हा तोंड धुतलेले होते.

"तुम्ही... कधीपासून?"

"पोरगं शाळेत होतं तेव्हापासून. आता आजोबा व्हायची वेळ आली आपली, आणि तुम्ही खिडकीवर गोळ्या टाकून पळालात राव! उद्या माझ्या गाडीवर चला. पेट्रोल तुमचं. मुलीकडचे तुम्ही."

दुसऱ्या दिवशी दोघे एकाच स्कूटरवरून आले. नामदेवरावांचा व्हायरल लोड वाढला होता. गोळ्या नियमित सुरू झाल्यावर तो पुन्हा दबला. मी निवृत्त होईपर्यंत दोघे एकत्रच येत. खिडकीशी आधी कोणी उभे राहायचे यावरून मानपान चाले. फार्मासिस्ट वैतागत असे. मी दोघांना कधी घाई केली नाही.

रुग्णाचे गुपित राखणे एवढे डॉक्टरच्या हाती असते. ते कोणापुढे उघडायचे, हे रुग्णाने ठरवायचे. नियम एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे.