पाणी स्थिरावेपर्यंत

आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मामा एकतीस वर्षं मदतनीस होते. त्यांना पदवी नव्हती. मला दोन आहेत, तरी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं तोंड बंद केलं. बेसिनमधलं पाणी गोल फिरत जातं ते पृथ्वी फिरते म्हणून, असं मी वर्गात ठासून सांगितलं होतं. तास संपल्यावर मामा हळूच म्हणाले, "बाई, भरताना नळाची धार ज्या बाजूनं पडते ना, तसंच ते फिरतं. करून बघा." मी दहा वेळा करून पाहिलं. दहाही वेळा मामांचंच खरं ठरलं. आधी राग आला, मग लाज वाटली.

पृथ्वीचा हात त्यात असतो, पण अगदी नाममात्र. तो दिसायला पाणी पूर्ण स्थिर हवं, आणि पाणी महाहट्टी. भरतानाची हालचाल तासन्‌तास पोटात धरून बसतं. मामांनी त्यासाठी दीड मीटर रुंद, उथळ टब बनवून घेतला होता. मधोमध भोक, बूच खालून काढायचं, पाण्यावर तरंगत्या, एकमेकींना फुलीसारख्या चिकटवलेल्या दोन काड्या. टब भरून दोन दिवस खोली बंद ठेवायची. तरी कधी कोणी दार आपटलं, कधी पंखा लावला. दोनदा तर दिशा बरोबर आली, पण पंखा चालू होता म्हणून मामांनी ती धरलीच नाही. निवृत्तीआधी एकदा तरी निव्वळ पृथ्वीनं फिरवलेलं पाणी, आपल्या उत्तर गोलार्धात फिरायला हवं तसं, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरताना पाहायचं, हाच त्यांचा ध्यास होता.

निवृत्तीच्या दिवशी, निरोप समारंभाच्या तासभर आधी, त्यांनी सत्ताविसाव्यांदा बूच काढलं. मी शेजारी श्वास रोखून उभी होते. बराच वेळ काड्या हलल्याच नाहीत. मग वळल्या, पण काट्यांच्याच दिशेनं. मामांनी खिडकीकडे पाहिलं. टबाच्या एका कडेवर ऊन पडलं होतं. एक बाजू तापली की पाणी आतल्या आत सरकतं, हे मीच शिकवते. आणि खिडकीचा काळा पडदा सकाळी मीच काढून नेला होता, मामांच्याच समारंभात स्टेजवर लावायला! पाय न वाजवता आत गेले होते, तेवढीच काय ती अक्कल.

मामांनी वहीत लिहिलं, "काट्यांप्रमाणे फिरलं. पडदा नव्हता. तपासायचं राहिलं, चूक माझी."

मी पेन ओढून घेतलं आणि शेवटचे दोन शब्द खोडले.

"बाई, वहीत खाडाखोड करायची नसते," मामा म्हणाले, आणि खाली नव्या ओळीत लिहिलं, "पडदा बाईंनी नेला होता."

समारंभात मी काय बोलले ते आठवत नाही. त्याच संध्याकाळी मी टब पुन्हा भरला, पडदा लावला, दाराला दोन कुलपं घातली आणि तिसऱ्या दिवशी मामांना बोलावून घेतलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून पाहुण्यासारखे आले, पण टबाशी येताच गुडघ्यांवर बसले. बूच निघालं. दहा मिनिटं गेली, बारा गेली. काड्या वळू लागल्या, अगदी सावकाश, काट्यांच्या उलट. मी किंचाळलेच. मामांचे डोळे भरून आले होते. त्यांनी वही जवळ घेतली.

"काट्यांच्या उलट फिरलं," त्यांनी लिहिलं. जरा थांबले आणि खाली आणखी एक ओळ घातली, "एकदाच झालं. पुन्हा करून पाहावं."