गायके डॉक्टरांच्या पुड्या

गायके डॉक्टरांनी कधी कुणाला चिठ्ठी लिहून दिली नाही. केजच्या स्टँडमागे त्यांचा दवाखाना होता आणि मी तिथे बारा वर्षं कंपाउंडर होते. ते आतून सांगायचे, "पांढरी एक, पिवळी अर्धी," की मी गोळ्या कुटून कागदाच्या पुड्या बांधायचे. बाहेरच्या मेडिकलात गोळ्यांची एक पट्टी येईल तेवढ्या पैशांत माणूस आठवड्याचं औषध घेऊन जायचा. गोळीचं नाव कुणी विचारत नसे, आणि कुटल्यावर ते कळण्यासारखंही नव्हतं.

ऊसतोडीला टोळ्या निघायच्या दिवसांत तर दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. कुणाची पाठ, कुणाची कंबर. डॉक्टर सगळ्यांना नावानं ओळखायचे, लेकराबाळांची चौकशी करायचे. "आराम लिहून देऊ का ह्यान्ला?" ते मला म्हणायचे. "आराम कोन्त्या दुकानात भेटतो, सांग." मला ते देवमाणूस वाटायचे. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतात.

माझ्या गावची कौसा त्यांच्या पुड्यांवर दोन हंगाम मोळ्या वाहत होती. तिचा चेहरा गोल झाला तेव्हा बायका म्हणाल्या, कौसाला औषध मानवलं. पुढे एका सरकारी शिबिरात नर्सबाईंनी तसलाच सुजलेला चेहरा चित्रात दाखवला आणि तो कुठल्या गोळीनं होतो ते सांगितलं. मी परत येऊन डब्यावरचं नाव वाचलं. आमची पांढरी गोळी स्टेरॉइडची होती. ती दुखणं दाबते आणि आतून हाडं पोखरते. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मला कळत न्हाई व्हय? पन ती उद्या फडात उभी ऱ्हायली पायजे."

मग शहाणपणा मी केला. कौसा कर्नाटकातल्या कारखान्यावर निघाली तेव्हा तिच्या पुड्यांतून पांढरी गोळी मी गुपचूप वगळली. ना डॉक्टरांना विचारलं, ना तिला सांगितलं. सवयीचं स्टेरॉइड एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं, हे मला कुठं ठाऊक! पाचव्या दिवशी ती फडातच कोसळली. तिच्या नवऱ्यानं तिथल्या दवाखान्यातून डॉक्टरांना फोन लावला, तेव्हा मी रडत रडत त्यांना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी हातानंच मला गप्प केलं आणि पलीकडच्या डॉक्टरला फोनवर घ्यायला सांगितलं.

"दोन वर्षं स्टेरॉइड दिलंय मी तिला," ते म्हणाले. "या खेपेला एकदम बंद केलं. तेही मीच."

त्या गोळीचं नाव त्यांनी बारा वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं. तेवढ्यावरून तिथे नेमका इलाज झाला आणि कौसा वाचली. मला त्यांनी एका शब्दानंही दुखावलं नाही. "तुजी चूक पाच दिसाची," एवढंच म्हणाले. "माजी लई जुनी हाय."

कौसाच्या नवऱ्यानं फोनवरचं बोलणं गावभर केलं. डॉक्टर त्यानंतर प्रत्येकाला चिठ्ठी लिहून देऊ लागले, गोळ्यांची नावं समजावून सांगू लागले. पेशंट मात्र दुसऱ्या पुडीवाल्याकडे गेले. मागच्या हिवाळ्यात डॉक्टर वारले. आमच्या गावातून मातीला मी एकटीच होते.

कौसाच्यानं आता ऊस तोडवत नाही. मी तिच्या गुडघ्यांना तेल चोळायला जाते.

"त्या डॉक्टरनं माजा घात केला बग," ती म्हणते. "तितं आमचं म्हनावं असं एक तूच व्हतीस."

मी हो म्हणते आणि तेल चोळत राहते.