उरलेल्या लोकरीचे मामाजी

जगातली निम्मी भांडणं उरलेल्या लोकरीचं भलतंच काहीतरी केल्यामुळे होतात, असं माझे मामेसासरे छातीठोकपणे सांगत. बाकीची निम्मी कशामुळे होतात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ते मले मालूम नाई जी. तो माझा विषय नव्हता." त्यांचा विषय कार्यानुभव. गोंदियाजवळच्या गोरेगावपासून सात-आठ किलोमीटरवरच्या आपल्याच गावच्या शाळेत त्यांनी जन्मभर तो शिकवला, आणि बाकीचे गुरुजी मुलांना गणिताला बसवत तेव्हा हे त्यांना दोन सुयांवर बसवत. आजही त्या गावात चाळिशीच्या पुढचा कुठलाही बाप्या, धानाचं पोतं पाठीवरून उतरवून, सुलट-उलट टाके घालू शकतो. कबूल करत नाही, एवढंच. निवृत्त झाल्यावर मामाजींचं घड्याळ, छत्री आणि चष्मा सगळं हळूहळू मामींच्या ताब्यात गेलं. सुया मात्र त्यांनी कोणाला दिल्या नाहीत.

आता पुरुषमाणसाने विणायला बसणं हेच आमच्याकडे पुष्कळ झालं. पण मामाजींचा विक्षिप्तपणा तिथून पुढे सुरू व्हायचा. नव्या लोकरीला ते हात लावत नसत. दिवाळी झाली, सकाळी तोंडातून वाफ निघू लागली, की गावातल्या बायका स्वेटर विणायला घेत आणि मामाजी आपल्या कानटोपीसह घरोघर फिरायला निघत. "संपला का स्वेटर? उरली का?" दुसरं काही विचारणं नाही. उरलेला गुंडा हाती आला की त्याला टाचणीने चिठ्ठी लागे, कोणाच्या कुठल्या कपड्यातून उरला ती, आणि तो लोखंडी पेटीत जाई. मी एकदा म्हटलं, मामाजी, बाजारात ढीगभर लोकर मिळते, हे दारोदार कशाला? तर माझ्याकडे असे पाहत राहिले की जावई नसतो तर मी वर्गाबाहेर उभाच असतो. "नव्या लोकरीचं का करायचं ते सारेच सांगतेत, जवाईबापू. दुकानदारबी सांगते. उरलेल्याले कोनी पुसते का?"

पेटीतला गुंडा बाहेर काढायचा म्हणजे एक विधी असे. त्याचं टोक ओसरीच्या खांबाला बांधायचं आणि उलगडत उलगडत विहिरीपर्यंत चालायचं. खांब ते विहीर ही एक खेप. तीन खेपा भरल्या तर मनगटाचे मोजे, पाच भरल्या तर लहान पोराची टोपी, आणि दीड खेपेला काही होत नाही, तो गुंडा परत पेटीत, दुसरा त्याच्या जोडीला येईपर्यंत. हे मोजमाप चालू असताना अंगणातून कोणी आरपार जायचं नाही. कोंबड्यांना हे कोण सांगणार? एकदा मामींची चांगली अंड्यावर आलेली कोंबडी पिवळ्या लोकरीत अशी गुरफटली की मामी ओरडल्या, "कापा ती लोकर!" आणि मामाजी तितक्याच मोठ्याने ओरडले, "कोंबडीले धरा, कापू नोका!" सोडवायला दीड तास लागला. लोकर अखंड निघाली. कोंबडीने नंतर चार दिवस अंडं दिलं नाही, पण त्याबद्दल मामाजींना विचारण्यात अर्थ नव्हता.

लांबी ठरली की मग खरा प्रश्न, करायचं काय. त्यासाठी मामाजींच्या तीन अटी होत्या. ज्याच्यासाठी करायचं त्याला थंडी वाजली पाहिजे, त्याच्याकडे ती वस्तू आधीची नसली पाहिजे, आणि त्याने ती रोज वापरली पाहिजे. या परीक्षेत मी स्वतः नापास झालेलो आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळसणाला, नव्या जावयाचा मान म्हणून, मी लाडात येऊन म्हटलं की मामाजी, मला एक मफलर करून द्या. म्हणाले, "आहे ना तुमच्यापाशी?" म्हटलं, आहे, पण साधाच आहे. "मंग? दोन गळे आहेत का तुमाले?" भर पंगतीत. बायको आजतागायत ते वाक्य माझ्यावर वापरते. त्याच सुमारास घरोघर फोन आले होते आणि फोनला लोकरीचं झालरीदार पांघरूण घालायची टूम निघाली होती. शेजारची वहिनी मोठ्या आशेने निळा गुंडा मागायला आली, तर मामाजी म्हणाले, "काऊन? फोनले का थंडी वाजून रायली?" ती बिचारी गेली. उलट पहाटेची एसटी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरने काही मागितलं नव्हतं, तर त्याला मामाजींनी स्टॉपवर गाठून हातमोजे दिले, डावा हिरवा आणि उजवा तपकिरी. बोटं उघडी ठेवली होती, म्हणजे गिअर हाताला लागावा. पुढे तो ड्रायव्हर मामाजी स्टॉपवर पोचले नसले तर गाडी दोन मिनिटं उभी ठेवायचा.

पण मामाजींचं हाडवैर होतं ते रुखवताशी. लग्नात मुलीकडचे रुखवत मांडतात, त्यात लोकरीचे हंस, लोकरीचे गजरे, लोकरीची तोरणं असतात, चार माणसं 'वा वा' करतात आणि मग ते सगळं जन्मभर कपाटावर धूळ खातं. मामाजींच्या दृष्टीने तो लोकरीचा खून होता. गावातल्या एका लग्नात रुखवत बघता बघता ते एकदम थबकले. पिंजऱ्यात बसवलेला एक पोपट होता, आणि त्या पोपटाची हिरवी लोकर मामाजींच्या ओळखीची निघाली. त्यांनी टोपीला म्हणून कोणाला तरी दिलेली होती. तिकडे मंगलाष्टकं सुरू झाली, सगळे अक्षता घेऊन मांडवात गेले, आणि इकडे मामाजींनी पोपटाच्या शेपटीचं टोक शोधून शांतपणे उसवायला घेतलं. तिसऱ्या मंगलाष्टकाला शेपूट गेली, पाचव्याला पंख गेले, 'सावधान' झालं तेव्हा पिंजऱ्यात नुसती चोच आणि दोन मणी उरले होते. विहीणबाईंनी जो गोंधळ घातला तो विचारू नका! मामींना तोंड लपवायला जागा राहिली नाही. मामाजी मात्र जेवणाच्या पंगतीत माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पाच खेपा भरली जी." ती टोपी पुढे नवऱ्यामुलाच्याच धाकट्या भाच्याला मिळाली, म्हणजे एका परीने रुखवत वरपक्षाकडे पोचलंच.

त्या सगळ्या टोप्यांमागे एक मोठी गोष्ट होती, ती सांगायला हवी. दर वर्षी शाळेत पहिलीला जेवढी पोरं येतील तेवढ्या टोप्या सव्वीस जानेवारीच्या आत झाल्या पाहिजेत, हा मामाजींचा नेम होता. आमच्या भागात थंडी पडते ती साधी नाही. धानाच्या कापल्या बांध्यांवरून, उघड्या शेतांतून सकाळचा वारा येतो तेव्हा मोठी माणसंही बोलताना दात वाजवतात, आणि पहिलीची पोरं तर झेंडावंदनाला उघड्या डोक्याने उभी असत. टोप्या मिळाल्या की ती रांग बघण्यासारखी असे. एकही टोपी एका रंगाची नाही. अर्धी लाल, वर करडी, कानाशी जांभळी पट्टी. लांबून माणसाला वाटावं की शाळेच्या मैदानात कोणी गोधडी वाळत घातली आहे.

मग मोबाइल आले त्या सुमाराला तयार स्वेटर आले. आठवडी बाजारात ढिगाने, रंगीबेरंगी, चेनवाले. बायकांनी सुया ठेवून दिल्या. त्यात चूक कोणाचीच नव्हती. दिवाळीनंतर मामाजी नेमाप्रमाणे कानटोपी घालून निघाले आणि अर्ध्या तासात परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आठ दिवसांत दोन गुंडे मिळाले, त्यातला एक उंदराने खाल्लेला. पेटी रिकामी झाली. आणि मामाजी ओसरीवर बसले ते बसलेच.

गोंदियाला आमच्या घरी मामींचा फोन आला. मामी कधी कुरकुर करणारी बाई नाही, म्हणून बायको घाबरली. "बेबी, तुया मामा जेवून नाई रायला वो," मामी म्हणाल्या. "भात तसाच ठेवतेत. दवाखान्यात नेलं, डाक्टर म्हनते काई नाई. मले म्हनतेत, पहिलीत बावीस पोट्टे आहेत, मी त्याइले तोंड कसा दाखवू?" मी म्हटलं, त्यात काय, दोन किलो लोकर घेऊन देऊ. बायको म्हणाली, "घेतील ते? नवी?" नसती घेतली. मला माझा मफलर आठवला.

त्या रात्री आमच्या घरात एक कट शिजला. बायकोने बाजारातून अर्धा किलो लोकर आणली. दुकानदार म्हणे खूशच झाला. "भाभीजी, अब ऊन कौन लेता है? यही एक कलर बचा है, पूरा ले जाइए." रंग होता राणी. असा राणी की डोळे मिटले तरी दिसत राही. मग मला समोर बसवून, दोन्ही हात पुढे करायला लावून, त्यावर लड घालून तिने गुंडे केले, मुद्दाम लहानमोठे. तेवढ्यानेही समाधान होईना म्हणून रोज थोडं विणायची आणि उसवायची, म्हणजे लोकरीला वापरल्यासारखे वेटोळे पडतील. मी म्हटलं, अगं, चोरसुद्धा इतकी तयारी करत नाहीत. शिवाय तिने गावातल्या पाच बायकांना फोन करून सांगितलं की मामासाठी थोडी थोडी लोकर घ्या आणि उरलेली म्हणून द्या. रंगाबद्दल कोणी बोललं नाही. तिथेच घोळ झाला.

रविवारी आम्ही गावी गेलो तेव्हा त्या पाचही जणी आधीच येऊन ओसरीवर बसलेल्या होत्या. पाचही जणी निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या कामाने गोंदियाला गेल्या होत्या आणि पाचही जणी त्याच दुकानातून राणी लोकर घेऊन आल्या होत्या. आमच्या पिशवीतून सहावी निघाली. मामाजींनी एकेक गुंडा खाटेवर ओळीने मांडला. एकीने तर वरचा कागदी पट्टाही काढला नव्हता. मला पळून जावंसं वाटत होतं.

"हा कोनाच्या स्वेटरचा?" मामाजींनी विचारलं.

"माझ्या भावाच्या जी."

"आन हा?"

"भाच्याच्या."

"आन हा, वहिनी?"

फोनच्या पांघरुणावरून परत गेलेलीच ती शेजारची वहिनी. ती बावरली. "आमच्या घरच्याइच्या स्वेटरचा जी."

तिचा नवरा म्हणजे सहा फुटी, मिशीवाला, ट्रॅक्टर चालवणारा गडी. मामाजींनी चष्मा नाकावर घेतला. "तुमच्या घरच्याइनं राणी कलरचा स्वेटर घातला?"

"हो जी," वहिनी खाली मान घालून म्हणाली. "घरातल्या घरात घालतेत."

कोणी हसलं नाही. हसायचं धाडसच नव्हतं. हे सगळं खोटं आहे हे तिथल्या कोंबड्यांनाही कळलं असेल, मग ज्या माणसाने जन्मभर लोकरीचा टाका नि टाका ओळखला त्याला कळणार नाही? बायकोने माझा हात घट्ट धरला होता. त्यांनी एवढंच म्हटलं असतं की ही नवी आहे, घेऊन जा, तर आतल्या ताटातला भात पुन्हा तसाच राहिला असता. मामाजींनी त्या ओळीकडे पाहिलं. मग त्या पाच जणींकडे पाहिलं, एकेकीकडे. त्यातल्या दोघी त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. मग आत तोंड करून म्हणाले, "अवो, माझ्या सुया कोठी ठेवल्या?"

मामी सुया घेऊन आल्या त्या जवळजवळ धावतच. त्या दुपारी मामाजी दोनदा भात मागून जेवले. सव्वीस जानेवारीला बावीस पोरं बावीस राणी टोप्यांत झेंड्यापुढे उभी राहिली. पोट्टे लाजेने चूर झाले होते, पण कान झाकलेले होते. मामाजी मैदानाच्या कडेला उभे राहून पाहत होते. इतक्या वर्षांत त्यांच्या सगळ्या टोप्या पहिल्यांदाच एका रंगाच्या झाल्या होत्या, आणि ते त्यांना आवडलं की नाही, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या दिवाळीला आम्ही गेलो. फराळ झाला, गप्पा झाल्या, निघायची वेळ झाली. मी गाडीला किक मारणार तेवढ्यात मामाजींनी बायकोला बाजूला बोलावलं. मला वाटलं, काही औषधबिवषध आणायचं असेल. ते इकडेतिकडे पाहून, आवाज खाली आणून म्हणाले, "बेबी, यंदा निळी उरू दे. राणीले पोट्टे कंटाळले."

बायको "हो मामा" म्हणाली आणि काहीतरी विसरल्याचं निमित्त करून पुन्हा घरात गेली. बाहेर यायला तिला बराच वेळ लागला. मामाजी माझ्याशी धानाच्या भावाबद्दल बोलत राहिले, जसं काही झालंच नाही.

त्या वर्षी निळी उरली. पुढच्या वर्षी पिवळी, मग लाल. पाच हिवाळे ते असेच दिवाळीला रंग सांगत आले आणि गाव मुकाट्याने तो उरवत आलं. सहाव्या दिवाळीला सांगायला मामाजी नव्हते. आता बाजारात गेलो की बायको त्या दुकानापाशी थांबते, लोकरीचे रंग हातात घेऊन बघते आणि काही न घेता परत ठेवते. मी गाडीवर बसून राहतो आणि चल म्हणत नाही.