शेंगदाण्याच्या बासुंदीची खरवड

आज दुपारी शेंगदाण्याच्या दुधाची बासुंदी केली. नाक मुरडू नका! मला आता म्हशीचं दूध पचत नाही, साखरही कमी करायचीय, म्हणून खजूर वाटून घातला. चव लई छान जमली.

पण बासुंदीची खरी मजा पातेल्याच्या तळाशी. लहानपणी तिथं चिकटलेल्या खरवडीसाठी मी आणि धाकटा भाऊ चमच्यांनी मारामारी करायचो.

आता इथं सोलापुरात घरात मी एकटीच. पातेलं समोर ठेवून बार्शीला भावाला फोन लावला. "खरवड निघालीय. येतोस का?"

तो हसला. "आता कुटं येऊ ताई? तूच खा की सगळी."

हे त्यानं एकदा तरी म्हणावं, असं तेव्हा किती वाटायचं! आज म्हणाला, आणि चमचा पातेल्यातच राहिला.

तुमच्याशी खरवडीसाठी भांडणारं अजून आहे का कुणी घरात?